लाल तेलाबाबत खुलासा

१. वाहनाचा प्रकार, मालकाचे नाव व सही

चारचाकी, ऑटोमॅटिक गिअर. मालक: माझे सासरे. सही: घेतली आहे.

एवढं लिहिल्यावर फॉर्ममधली जागा संपते. पुढे 'जागा अपुरी पडल्यास मागील बाजूस लिहावे' असं छापलं आहे आणि मागील बाजूला टायरची जाहिरात आहे. म्हणून मी माझे फुलस्केप कागद जोडतो आहे. समितीने ते वाचावेत अशी माझी अपेक्षा नाही. ज्या समितीला स्वतःच्या फॉर्ममध्ये चारनंतर पाच घालता येत नाही, थेट सहा येतो, तिच्याकडून वाचनाची अपेक्षा करणं म्हणजे तिचा छळ करणं.

'सही: घेतली आहे' हे तीन शब्द लिहायला मला सोमवारची आख्खी दुपार लागली. सासरे आमच्याच घरात वरच्या खोलीत राहतात. सगळे त्यांना अण्णा म्हणतात. त्यांचं माझं बोलणं बंद आहे. का बंद आहे ते आता दोघांनाही नीट आठवत नाही, पण बंद पाळण्यात आम्ही दोघंही पक्के आहोत. आमच्यातलं सगळं दळणवळण बायकोमार्फत चालतं. तिने फॉर्म वर नेला. तो सही न होता खाली आला, कारण मी 'सासरे' लिहिलं होतं आणि अण्णांचं म्हणणं, मालकाची ओळख नात्याने देत नाहीत, हुद्द्याने देतात. मी 'निवृत्त उपअभियंता, पाणीपुरवठा' असं लिहून पाठवलं. तो पुन्हा खाली आला. 'निवृत्त' खोडलेलं होतं. शेवटी बायकोने नवा फॉर्म आणला, कोराच वर नेला आणि आधी सही घेऊन आली. सरकारी नोकरीत एकतीस वर्षं काढूनही मला ही युक्ती सुचली नाही, याची नोंद करण्याचं कारण नाही. तरी केली.

गाडी अण्णांची असली तरी ती पळवते माझी मुलगी. घरात तिला भिंगरी म्हणतात. तिच्या खेळात दोन गाड्या एका सरळ रस्त्यावर शेजारी उभ्या राहतात, दिवा हिरवा होतो आणि दोन्ही पाव मैल सुसाट जातात. वळण नाही, चढ नाही, डोकं लावावं असं काहीच नाही. लोक उन्हात चार तास बसून पंधरा पंधरा सेकंदांची ही करमणूक बघतात आणि घरी जाऊन पाठीला मलम चोळतात. या खेळाचं लायसन्स मिळायला पंधरा सेकंदांच्या आत तीन धावा लागतात. भिंगरीच्या दोन झाल्या होत्या. तिसरी याच मोसमात व्हायला हवी होती, कारण गिअरबॉक्स बनवणाऱ्या एका कारखान्याने तिला चाचणी-चालक म्हणून निवडलं आहे. अट एकच, महिनाअखेरीस लायसन्स. ते पत्र तिने मला दाखवलं तेव्हा मी 'बरं' म्हणालो आणि आत जाऊन दोनदा तोंड धुतलं.

२. घटनेचा थोडक्यात तपशील

गेल्या रविवारी, सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी, जुन्या बंद धावपट्टीवर, डाव्या लेनमध्ये.

दिवा हिरवा झाला. इंजिनने अशी डरकाळी फोडली की माझ्या शेजारच्या बाईंनी कानांवर हात ठेवले. गाडी मात्र जागची हलेना. मग हलली, पण सासुरवाडीला निघालेल्या माणसासारखी. आवाज शंभराचा, वेग वीसचा. उजव्या लेनमध्ये एक पाववाला होता, पाव पोचवायच्या गाडीलाच मोठं इंजिन बसवून आणलेला. तो पलीकडे पोचून, उतरून, वळून बघत उभा राहिला. भिंगरी एकोणीस पूर्णांक चार सेकंदांनी पोचली. तोवर बॉनेटखालून पांढरा धूर यायला लागला होता आणि मागे धावपट्टीभर एक गुलाबी, फेसाळ पट्टा पडला होता. लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं, हा कार्यक्रमाचा भाग आहे.

फेसावर भुसा टाकून तो झाडून काढेपर्यंत शर्यती एक तास चाळीस मिनिटं बंद होत्या. या वेळात समितीच्या अध्यक्षांनी ध्वनिक्षेपकावरून तीन वेळा 'संबंधितांनी' समितीच्या तंबूत यावं असं सांगितलं. तिन्ही वेळा सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. माझ्या शर्टावर कुठेही 'संबंधित' लिहिलेलं नव्हतं. कोपरापर्यंत लाल तेलाचे डाग होते, तो भाग वेगळा.

३. घटनेचे कारण (एकावरच खूण करावी)

अ) चालकाची चूक. ब) यांत्रिक बिघाड, कारण अज्ञात. क) मदतनीसाची चूक.

खूण कुठे केली की काय होतं, ते तंबूतल्या तपासनीसाने मला समजावून सांगितलं. 'अ' वर केली तर भिंगरीला पुढच्या मोसमापर्यंत बंदी. 'ब' वर केली तर गाडीला बंदी, तीही तेवढीच. 'क' वर केली तर ही धाव धरली जात नाही आणि येत्या रविवारी, मोसमाच्या शेवटच्या दिवशी, आणखी एक संधी मिळते. मात्र 'क' ला मदतनीसाची स्वहस्ताक्षरातली कबुली लागते. काय चुकलं, कसं चुकलं, आणि खाली हुद्द्यासह सही.

हा तपासनीस रविवारी छातीवर बिल्ला लावून गाड्या तपासतो. बाकीचे सहा दिवस त्याचं मोठ्या रस्त्यावर लोखंडी सामानाचं दुकान आहे. आणि मी वजनमापं तपासणारा निरीक्षक आहे. चार वर्षांपूर्वी त्याच्या दुकानातला खिळे जोखायचा काटा किलोमागे चाळीस ग्रॅम जास्त दाखवत होता. मी काट्याला सील ठोकलं आणि त्याच्याकडून स्वहस्ताक्षरात खुलासा घेतला. मला आठवतं, त्याने लिहिलेला पहिला खुलासा मी 'मोघम' म्हणून परत केला होता. दुसराही.

"साहेब, घाई नाही," तो म्हणाला. "बुधवारी पाचपर्यंत दुकानात आणून द्या. पण मोघम नको. आणि अक्षर चांगलं काढा, काचेत लावायचंय."

"समितीची कागदपत्रं दुकानात लावता येतात?"

"मूळ प्रत समितीला. मला झेरॉक्स पुरेल."

४. वाहनाची देखभाल कोण व कशी करीत होते

मी करीत होतो. आता कशी, ते सांगतो.

भिंगरी कामाच्या शहरात वसतिगृहावर राहते, रविवारी येते. गाडी आमच्या दाराशी असते. महिन्यापूर्वी तिने फोन केला. "बाबा, एकच काम आहे. गिअरबॉक्सच्या ऑइलची पातळी अधूनमधून बघायची. डिपस्टिक काढायची, पुसायची, परत घालायची, काढून बघायची. दोन खुणांच्या मध्ये असलं की झालं. बाकी कशालाही हात लावू नका."

हे काम शेजारच्या मांजरालाही जमलं असतं. ज्याने तीन जिल्ह्यांतल्या दूधवाल्यांची मापं वाकडी की सरळ ते नुसत्या नजरेने ओळखलं आहे, त्याला ते सांगणं हा खरं तर अपमान होता. पण पोटच्या मुलीने केलेला अपमान माणूस गिळतो. मी विचारलं, या ऑइलचं एवढं काय. तेव्हा तिने मला टॉर्क कन्व्हर्टर समजावला. जाडजूड कढईएवढा एक बंद डबा असतो. त्यात दोन पंखे समोरासमोर. एक इंजिन फिरवतं, दुसऱ्याकडून चाकं फिरतात. दोघं एकमेकांना कधीच शिवत नाहीत. मध्ये फक्त लाल तेल असतं. पहिला तेल ढकलतो, ते तेल दुसऱ्याला फिरवतं.

"म्हणजे एकमेकांशी न बोलता काम चालतं," मी म्हणालो.

"चालतं. पण पूर्ण नाही. इंजिनने शंभर फेरे दिले तर पलीकडे ब्याण्णव पोचतात. आठ टक्के घसरतात. आठ चालतात, बाबा. जास्त नको."

आठ टक्के घसर आणि म्हणे चालते. माझ्या हाती कारभार असता तर त्या डब्याला जागेवर सील ठोकलं असतं.

मी रोज सकाळी साडेसातला जात असे. गाडी गार, इंजिन बंद, वातावरण शांत. मोजमाप असंच करतात. हलणाऱ्या वस्तूचं माप घेणारा माणूस एक तर अडाणी असतो किंवा व्यापारी. पहिल्याच दिवशी तेल वरच्या खुणेच्या बोटभर वर निघालं. मी अर्धा लिटर काढलं, बरोब्बर खुणेवर आणलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा बोटभर वर. पुन्हा अर्धा लिटर काढलं. तिसऱ्या दिवशी तेच.

काढायचं कसं, हा प्रश्न खालच्या मजल्यावरच्या दंतवैद्यांनी सोडवला. हे गृहस्थ रोज सकाळी दात घासत अंगणात येतात. दुसऱ्यांना दोन मिनिटं घासायला सांगतात आणि स्वतः वीस मिनिटं घासतात, कारण तेवढ्या वेळात चार घरांच्या भानगडी कळतात. त्यांनी रुग्णाच्या तोंडातली लाळ ओढायचं जुनं यंत्र आणून दिलं. बारीक नळी डिपस्टिकच्या भोकातून आत जायची आणि तेल सुरसुर करत कॉफीच्या रिकाम्या बरणीत यायचं.

"रोज अर्धा लिटर वाढतंय म्हणजे आतून कुठून तरी पाझरतंय," तोंडातला फेस सांभाळत ते म्हणाले. "गळवात असंच होतं. काढत राहायचं. एक दिवस आपोआप थांबतं."

"आणि नाही थांबलं तर?"

"मग उपटायचं."

समोरच्या निवृत्त मुख्याध्यापिकाबाईंचं मत वेगळं होतं. त्या फाटकावर हात ठेवून म्हणाल्या, "निसर्गात काहीही होऊ शकतं. तुम्ही फक्त नोंद ठेवा." आमच्या गल्लीत अज्ञानाचा तुटवडा कधीच नव्हता. पण नोंद मी ठेवतच होतो. भिंतीवर वही टांगली होती.

*सोमवार. ०.५ लि. काढले.*
*मंगळवार. ०.५ लि. काढले.*
*बुधवार. ०.५ लि. काढले. गाडी तेल निर्माण करते असे दिसते.*

भरलेल्या बरणीवर तारीख आणि माप लिहून मी ती फाटकापाशी ठेवत असे. संध्याकाळी कामावरून येईपर्यंत ती गेलेली असे. भंगारवाला नेत असणार, असं मी धरून चाललो. बरणी मात्र धुऊन पुसून पुन्हा स्वयंपाकघरातल्या फळीवर यायची. भंगारवाला इतका सज्जन कसा, हा प्रश्न मला पडायला हवा होता. पडला नाही. माणूस मोजण्यात गुंतला की विचार करत नाही.

इकडे दर रविवारी भिंगरी सरावाला गाडी न्यायची आणि स्वतःच्या वहीत घसर लिहायची. पहिल्या रविवारी आठ टक्के. दुसऱ्या रविवारी तेरा. तिसऱ्या रविवारी एकवीस.

"बाबा, ऑइल बघताय ना?"

"रोज."

"रोज?"

"एक दिवस चुकवलेला नाही. वही बघ."

वही बघायला तिला वेळ नव्हता. तिने माझ्यावर विश्वास ठेवला. आता लिहिताना लक्षात येतं की सगळ्या प्रकरणात खरी घसरण इथे झाली. समितीला हे वाक्य भावनिक वाटल्यास तिने ते गाळावं.

६. साक्षीदार

माझी पत्नी. गिअरबॉक्सचा मिस्त्री. आणि, नाइलाजाने, अण्णा.

सोमवारी सकाळी मिस्त्री आला. कमी बोलणारा माणूस, म्हणून मला तो आवडला. त्याने डिपस्टिक काढली, बोटाला तेल लावलं, उजेडात धरलं. लाल तेल गुलाबी झालं होतं, स्ट्रॉबेरीच्या दुधासारखं.

"यात पाणी कुठून आलं?"

मी म्हणालो, गाडी कदाचित पाणीही निर्माण करत असेल. तो हसला नाही. त्याने विचारलं, "पातळी कोण बघतं?"

"मी. सकाळी. इंजिन बंद, गाडी गार."

मिस्त्री पायरीवर बसला. माणूस आजाऱ्याच्या उशाशी बसतो तसा. "साहेब, ऑटोमॅटिकचं ऑइल इंजिन चालू ठेवून बघतात. गरम करून. इंजिन बंद केलं की कन्व्हर्टरमधलं तेल खाली उतरतं आणि पातळी चढलेली दिसते. ती खोटी पातळी. तुम्ही रोज चांगलं तेल उपसून काढत होतात."

एकतीस वर्षं. मी एवढंच म्हणतो आणि पुढे जातो.

तेवढ्यात वरच्या खिडकीतून आवाज आला. "मी इंजिन चालू ठेवूनच बघत होतो."

दंतवैद्यांचा ब्रश थांबला.

मी बायकोला म्हणालो, "त्यांना विचार, ते कधी बघत होते."

"संध्याकाळी," खिडकी म्हणाली. "पाच वाजता. पंधरा मिनिटं गाडी चालू ठेवून. भिंगरीने मला सांगितलं होतं, बाबा ऑइल बघतायत, तुम्ही बाबांकडे बघा. बघितलं. रोज कमी. रोज अर्धा लिटर भरत होतो. तीस वर्षं शहराच्या टाक्यांची पातळी सांभाळलीय मी."

मिस्त्रीने मान वर केली. "कुठे बघत होता, आजोबा? इथेच? या उतारावर?"

आमचं अंगण फाटकाकडे उतरतं. गाडीचं तोंड खाली, शेपूट वर.

"उतारावर तेल एका बाजूला जातं," मिस्त्री म्हणाला. "असेल त्याहून कमी दिसतं. म्हणजे तुमचंही चुकलं."

खिडकी बंद झाली. मग उघडली. "किती चुकलं?"

त्यानंतर मिस्त्रीने जो प्रश्न विचारला तो विचारला नसता तर बरं झालं असतं. "रोज भरायला ऑइल कुठून आणत होता?"

"फाटकापाशी रोज भरलेली बरणी असायची. तारीख घालून. जावई आणून ठेवतो पण ओतायची अक्कल नाही, असं मला वाटलं."

म्हणजे तोच अर्धा लिटर. सकाळी मी काढायचा, संध्याकाळी अण्णांनी घालायचा, असा तीन आठवडे फिरत होता. गाडी एका वेळेला उपाशी, दुसऱ्या वेळेला गळ्यापर्यंत. शनिवारी, शर्यत आहे म्हणून, अण्णांनी बरणी तर ओतलीच, वर बाजारातून दोन लिटरची नवी बाटली आणून आख्खी रिकामी केली. पहाटे निघायची घाई, त्यामुळे रविवारी उपसायला मला सवडच मिळाली नाही. इतकं तेल झाल्यावर आतले दाते ते घुसळणार, त्याचा फेस होणार. फेसाला ढकलून पंखा फिरत नसतो. फेस मिळेल त्या भोकातून बाहेर येतो आणि धावपट्टीवर पडतो.

"आणि पाणी?" मिस्त्री पाण्यावरून हलायला तयार नव्हता.

बायको पदराला हात पुसत पुढे आली. "माझ्या कॉफीच्या बरण्या घेता, त्या मी धुऊन ठेवते. तेलकट बरणी दिसल्यावर धुवायची नाही तर काय करायचं?"

"पुसत नव्हतीस?"

"वरून पुसत होते. आतून बरणी कोण पुसतं?"

रोज चार थेंब, तीन आठवडे. मिस्त्रीने हिशेब मनात केला असावा, कारण तो उठला आणि गाडीखाली गेला. तिथे त्याला आमच्यापेक्षा बरी संगत होती.

मी बायकोला बाजूला घेतलं. "सकाळी मी काढतोय, संध्याकाळी अण्णा भरतायत, हे तुला दिसत होतं?"

"खिडकीतून दोन्ही दिसतं."

"मग बोलली का नाहीस?"

"मला वाटलं, दोघं मिळून करताय. पाळ्या लावून." ती बरणीचं झाकण फिरवत राहिली. "इतक्या वर्षांत पहिल्यांदाच काहीतरी मिळून करताय. म्हटलं, आपण बोलून विस्कटायला नको."

फॉर्ममध्ये यासाठी रकाना नाही.

७. मदतनीसाची कबुली

पहिला मसुदा: *काही अपरिहार्य तांत्रिक परिस्थितीमुळे वंगणाच्या पातळीत अनपेक्षित चढउतार संभवले.* भिंगरीला फोनवर वाचून दाखवला. ती म्हणाली, "बाबा, यात कोणी काही केल्यासारखंच वाटत नाही. भूकंप झाल्यासारखं वाटतं." रद्द.

दुसरा मसुदा: *घरातील एका ज्येष्ठ व्यक्तीने अनाहूतपणे वेळोवेळी तेल भरल्याने.* हा मी टेबलावर ठेवून चहा घ्यायला गेलो. परत आलो तर समासात हिरव्या शाईने शेरा होता: 'वेळोवेळी म्हणजे काय? रोज. आणि शनिवारची दोन लिटरची बाटली का वगळली?' मला वाटलं होतं, दोष दिला म्हणून अण्णा भडकतील. ते भडकले होते, पण दोष कमी दिला म्हणून. रद्द.

मग मंगळवारी संध्याकाळी जिन्यावर सभा भरली. अण्णा वरच्या पायरीवर, मी खालच्या, बायको मध्ये. फॉर्ममध्ये मदतनीस एकच मावतो, आणि तो कोण, यावर वाद होता.

"त्यांना सांग," अण्णा म्हणाले, "फेस जास्तीच्या तेलाने झाला. जास्तीचं तेल माझं. सही माझी."

"त्यांना सांग," मी म्हणालो, "सुरुवात माझ्या मापाने झाली. मी नीट मोजलं असतं तर त्यांच्या हाती बरणीच लागली नसती."

"जावईबापूंना म्हणावं, उपसणं सोपं असतं. भरायला अंदाज लागतो."

"त्यांचा अंदाज धावपट्टीवर पडलाय म्हणावं."

तीन आठवडे आम्ही दोघं बरोबर होतो. आता दोघंही जास्त चूक असण्यासाठी भांडत होतो. बायकोने दोन्हीकडचं काहीही पोचवलं नाही. गरजच नव्हती, दोघांना सगळं ऐकू येत होतं. तिने फोन लावला आणि स्पीकर चालू करून पायरीवर ठेवला.

"बाबा, आजोबा," भिंगरी म्हणाली. तिचा आवाज दमलेला होता. "उद्या पाचपर्यंत एकाची सही पाहिजे. जमणार नसेल तर आत्ता सांगा. मी 'अ' वर खूण करते. चालकाची चूक. कारखान्याला नाही म्हणून कळवते. पुढच्या वर्षी दुसरं काहीतरी बघू."

चिडून बोलली असती तर उत्तर देता आलं असतं.

माझ्या डोळ्यांपुढे मोठ्या रस्त्यावरचं ते दुकान आलं. काट्याच्या वर, काचेत, माझं अक्षर. खिळे घ्यायला येणारी निम्मी माणसं मला ओळखतात. उरलेल्या निम्म्यांना तो ओळख करून देईल. उद्या मी कोणाच्याही मापाला हात लावला की तो माणूस म्हणेल, साहेब, आधी ते वाचून येतो. मी पायरीवर बसलो, गुडघ्यावर कागद घेतला आणि लिहिलं:

*गिअरबॉक्सचे तेल इंजिन चालू ठेवून मोजायचे असते. मी ते बंद ठेवून मोजले. रोज मोजले, रोज चुकीचे मोजले, आणि मला सगळे येते असे वाटल्याने एकदाही कोणाला विचारले नाही. चालकाचा दोष नाही. तिने माझ्यावर विश्वास ठेवला, एवढेच.*

खाली सही. त्याखाली हुद्दा, पूर्ण.

कागद बायकोच्या हातातून वर गेला. अण्णांनी तो दोनदा वाचला. मग खिशातून हिरवं पेन काढून माझ्या सहीखाली लिहिलं: 'वरील मजकूर बरोबर आहे, पण अपुरा आहे. मीही विचारले नाही.' आणि सही. हुद्द्यात 'निवृत्त' होतं.

८. कार्यालयीन उपयोगासाठी (येथे अर्जदाराने काहीही लिहू नये)

ही माझ्याकडची प्रत आहे, म्हणून लिहितो.

बुधवारी पावणेपाचला मी कबुली दुकानात दिली. तपासनीसाने ती मोठ्याने वाचली. दुकानात चार गिऱ्हाईकं होती. त्यांतल्या एकाने पुन्हा वाचायला सांगितली, सुरुवात ऐकू आली नाही म्हणून. 'मोघम' म्हणून परत करण्याची संधी त्याला होती. त्याने कागद आणखी एकदा मनात वाचला, शिक्का मारला आणि म्हणाला, "सही एकच चालते. पण राहू दे दुसरी." गुरुवारी फ्रेम लागली. लाकडी आहे, कडेला नक्षी आहे. त्याच्या बापाच्या फोटोला याहून साधी आहे.

रविवारी समितीने मला आणि अण्णांना गाडीपासून वीस पावलांवर, दोरीच्या मागे उभं राहायची लेखी आज्ञा दिली होती. मिस्त्रीने गिअरबॉक्स धुऊन नवं तेल भरलं होतं, सपाट धावपट्टीवर, इंजिन चालू ठेवून. डिपस्टिकला कडी आणि कुलूप बसवलं होतं. किल्ली बायकोकडे, आणि बायको गाडीपाशी. त्यामुळे दोरीच्या मागे आम्ही दोघंच. मधला माणूस नव्हता.

दिवा हिरवा झाला. या वेळी आवाजाच्या आधी गाडी गेली. शेजारच्या लेनमध्ये तोच पाववाला होता. तो कुठे होता ते मी पाहिलं नाही. मी आकड्यांच्या फळ्याकडे बघत होतो. फळा पाव मैल लांब होता आणि ऊन थेट डोळ्यांत येत होतं.

अण्णांनी कपाळावर हात धरला. डावीकडे पाहिलं. उजवीकडे पाहिलं. माझ्याशिवाय विचारायला कोणी नव्हतं.

"जावईबापू, किती पडले? माझा चष्मा घरी राहिलाय."

"चौदा पूर्णांक सात."

"नक्की?"

आयुष्यभर लोक माझ्या आकड्यांवर चडफडत आले, पण हा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता. तोंडावर आलेलं उत्तर मी गिळलं. हात कपाळावर धरला आणि फळा पुन्हा वाचला.

"मला तरी चौदा पूर्णांक सात दिसतंय," मी म्हणालो. "पण तुम्ही आणखी कोणाला तरी विचारून घ्या."

त्यांनी लगेच विचारलं. तेही बिल्ला लावून तेवढ्यात दोरीपाशी आलेल्या त्या लोखंडी सामानवाल्या तपासनीसाला.